काळा घोडा आलाच आहे, आता घोडीही आणा : राणीच्या बागेच्या उद्यान अधीक्षकांना खुलं पत्र

मा. उद्यान अधीक्षक,
वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय,
भायखळा, मुंबई

विषय : बागेत वाद्यं ठेवण्याबाबत, आणि ती वाजती ठेवण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मी गिरगावात वाद्यं दुरुस्त करतो. आठ बाय दहाचा गाळा आहे, वडिलांच्या वेळेपासूनचा. तंबोरे, सतारी, पेट्या येतात. तबले मी घेत नाही. ते पुडीवाल्याचं, म्हणजे तबल्याचं चामडं मढवणाऱ्याचं काम, त्यात हात घातला तर तो माझ्याशी बोलायचा बंद होईल. लिहिण्याची सवय म्हणाल तर बिलं आणि ‘तंबोरा तयार आहे, घेऊन जावे’ एवढीच. पण गेल्या जूनमध्ये मुलीकडे नॉर्वेला जाऊन आलो आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून हटत नाही. गिऱ्हाइकांना सांगून झाली. हिला तर इतकी वेळा सांगितली की ती म्हणाली, “मला काय सांगताय, ज्यांच्या ताब्यात बाग आहे त्यांना सांगा.” म्हणून हे पत्र. उघडं लिहितोय, कारण यात थोडं काम मुंबईकरांचंही आहे.

मुलगी आणि जावई त्रॉन्हाइम नावाच्या शहरात असतात. रात्री अकरा वाजले तरी उजेड जात नाही, त्यामुळे झोपेचे हाल. जूनमध्ये अंगात स्वेटर. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, “बाबा, उद्या तुम्हाला तुमच्या दुकानात नेते.” बसने शहराच्या कडेला नेलं. समुद्राची खाडी दिसणाऱ्या एका टेकाडावर मोठी बाग, आणि बागेच्या मधोमध एक जुना वाडा आणि त्याचं लाकडी कोठार. त्याचं नाव रिंगवे. नॉर्वेचं राष्ट्रीय संगीत आणि वाद्य संग्रहालय ते हेच.

वाडा एका जोडप्याचा होता. नवरा क्रिस्टियान आंकर बाके, बायको व्हिक्टोरिया, मूळची रशियातली. मूलबाळ नव्हतं. नवरा वारल्यावर बाईंनी वाद्यं जमवायचा ध्यासच घेतला. १९५२ साली घराचं संग्रहालय झालं, आज तिथे दोन हजारांच्या आसपास वाद्यं आहेत. आपल्या पुण्याच्या काकासाहेब केळकरांची आठवण झाली. तेही लहानपणी गेलेल्या मुलाच्या नावाने आयुष्यभर वस्तू गोळा करत राहिले आणि १९७५ साली सगळं शासनाच्या हवाली केलं. अशी माणसं बहुधा घरच्यांना फार त्रास देत असणार, पण त्यांच्यामुळे आपल्याला काही बघायला मिळतं.

बाग मात्र संग्रहालयाची नाही, तिथल्या विद्यापीठाची. ती १९७३ साली वाड्याभोवतीच्या जमिनीवर झाली. तळ्याच्या कडेने उत्तर गोलार्धातली झाडं देशादेशांप्रमाणे लावलेली, एका बाजूला जुन्या पद्धतीचा औषधी वनस्पतींचा वाफा. बागेत शिरायला पैसे पडत नाहीत. म्हणजे दोन वेगळी खाती, दोन वेगळे कारभार, आणि भिंत नाही. हे मुद्दाम लिहितोय. आपल्याकडे पहिला प्रश्न ‘हे कोणत्या खात्याचं?’ असाच येणार, हे मला ठाऊक आहे.

वाड्यात एकट्याने हिंडता येत नाही, माहिती देणाऱ्याबरोबर जायचं. आमच्याबरोबर विशीतली एक मुलगी होती, संगीत शिकणारी. मला वाटलं, आता ही पाठ केलेलं म्हणून दाखवणार. तिने चार वाक्यं सांगितली, मग एका जुन्या पियानोसमोर बसली आणि वाजवायला लागली. दुसऱ्या खोलीत दुसरं काहीतरी. आम्ही आठ-दहा जण होतो, त्यात एक छोटं पोर आजीच्या कडेवर चुळबुळ करत होतं, तेसुद्धा गप्प झालं. हात लावायची मुभा आपल्याला नाही, ते बरोबरच आहे. पण वाद्य गप्प ठेवलेलं नाही.

मग तिने हार्डिंगफेले काढलं. व्हायोलिनच्याच घराण्यातलं, त्यांचं खास. शिंपल्याची जडणघडण, पाठीवर काळ्या शाईची वेलबुट्टी. मी पुढे वाकलो तर काय, वरच्या चार तारांच्या खाली आणखी बारीक तारा! गज त्यांना लागतच नाही. वरची वाजली की खालच्या आपोआप गुणगुणतात. मी मोठ्याने म्हणालो, “अगं, तरफा आहेत!” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मुलीने समजावून सांगितलं की बाबा सतारी दुरुस्त करतात आणि सतारीलाही अशाच तारा असतात. त्या विद्यार्थिनीने मला जवळ बोलावलं. घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात तो तुकडा, बघितली. व्हायोलिनपेक्षा सपाट, म्हणून दोन तारा एकदम वाजतात. तरफांसाठी खालून वेगळी वाट. ज्याने कोणी ती कानस मारून केली तो आणि मी एकमेकांची भाषा न कळताही दिवसभर गप्पा मारू शकलो असतो.

लांगेलायक नावाचं दुसरं एक वाद्य होतं, मांडीवर किंवा टेबलावर आडवं ठेवायचं. एका तारेवर चाल वाजते, बाकीच्या तारा नुसता सूर धरून बसतात. बाजूला उभी असलेली ही म्हणाली, “म्हणजे गाणारीही तीच आणि तंबोऱ्यावर बसलेलीही तीच.”

पण खरी गंमत सेल्येफ्लॉयते नावाच्या पाव्याची. हा पावा दुकानात मिळत नाही. वसंतात झाडात रस चढतो तेव्हा वाळुंजाच्या कोवळ्या फांदीची साल आतल्या लाकडापासून सैल होते. थोडं ठोकून ती नळीसारखी अख्खी ओढून काढायची, वर फुंकायला खाच करायची. बोटांची भोकं नाहीत. टोक बोटाने बंद कर, उघड, फुंक कमी कर, जास्त कर, त्यातून सूर निघतात. साल वाळली की पावा संपला. पुढच्या वर्षी झाडात रस चढेल तेव्हा नवा. आता वाजवणारे प्लास्टिकची नळी वापरतात, तेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं.

मला आमची कोकणातली कोयीची पिपाणी आठवली. पावसात उकिरड्यावर आंब्याची कोय रुजते, कोंब फुटतो, ती उकलून आतला गर दगडावर घासायचा आणि फुंकायचा. आवाज असा की शेजारची म्हातारी काठी घेऊन यायची. तीही दोन दिवसांची. माझा नातू आंबा खातो पण कोय त्याच्या हातात कधी पडतच नाही. घरात फोडी येतात.

वाड्यातून बाहेर आलो आणि तळ्याकडे चालत गेलो. मुलगी पाट्या वाचत होती. एक झाड स्प्रूसचं, एक मेपलचं. मी थांबलो. आता आत जे वाजलं त्याची पोटाची फळी स्प्रूसची आणि पाठ मेपलची असते, हे मला धंद्यामुळे माहीत. स्प्रूस थंडीत हळूहळू वाढतं, त्याच्या रेषा जवळजवळ येतात, म्हणून फळी हलकी आणि ताठ होते. मी खोडाला टकोरा मारला. उभं झाड काही वाजत नाही, पण सवय. पाच मिनिटांपूर्वी ऐकलेलं वाद्य आणि त्याचं झाड यांच्यात दोनशे पावलं होती. चाळीस वर्षं मी लाकूड हातात घेतोय, पण ते जमिनीत उभं असताना त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं. तुनाचं झाड कसं दिसतं हे मला तेव्हा विचारलं असतंत तर सांगता आलं नसतं. माझ्या दुकानातल्या प्रत्येक तंबोऱ्याची दांडी तुनाची आहे.

साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे. मुंबईत झाडं एका ठिकाणी आणि वाद्यं दुसऱ्या ठिकाणी, आणि ज्या ठिकाणी वाद्यं आहेत तिथे ती मुकी. ती एका ठिकाणी आणा आणि बोलती करा. आणि ती जागा तुमची बाग आहे.

मुकी म्हणजे कशी, ते सांगतो. बारा-चौदा वर्षांपूर्वी एका घरातून मर्दानी, म्हणजे पुरुषांच्या सुराचा, तंबोरा आला. मोठा भोपळा, मिरजेचं काम, भोपळ्याला उभी चीर गेलेली. मी महिनाभर लावून तो उभा केला. मालकांची मुलं गाणारी नव्हती, त्यांनी तो एका संस्थेला भेट दिला. संस्थेचं नाव घेत नाही. दोन वर्षांपूर्वी मी तिथे गेलो, म्हटलं आपला तंबोरा बघू. काचेच्या कपाटात होता. वर दिवा. पाटीवर दात्याचं नाव नीट. आणि घोडी उलटी बसवलेली!

ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा वरून सपाट दिसतो, पण नसतो. त्याला पुढच्या अंगाला केसाइतका उतार असतो. तार तिथून निघताना घोडीला चाटत चाटत जाते, म्हणून तो भुंग्यासारखा झंकार येतो. त्यालाच आम्ही जवारी म्हणतो. तारेखाली सुताचा धागा सरकवत गेलं की एक जागा अशी येते की तार एकदम उमलते. तो उतार काढायला कधी अर्धा दिवस जातो. कानस एक घास जास्त खाल्ली की पुन्हा पहिल्यापासून. घोडी उलटी बसवली तर तार एका कडेवर टेकते आणि पत्र्यासारखी वाजते. अर्थात तिथे ती वाजतच नव्हती, त्यामुळे कोणाचं काही अडत नव्हतं. सूतही काढून टाकलं होतं. साफसफाई करणाऱ्याला कचरा वाटला असेल. मी तिथल्या माणसाला सांगितलं, पाच मिनिटांत सरळ करून देतो. तो म्हणाला, अर्ज करा. अर्ज केला. अजून घोडी उलटीच आहे.

त्या माणसाची चूक आहे असं मी म्हणत नाही. तंबोरा रोज कोणी छेडला असता तर पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी कानाला खटकलं असतं.

आता तुमच्या बागेबद्दल. बागेत संग्रहालय ही आपल्याला नवी गोष्ट नाही. १८६२ साली बाग उघडली आणि १८७२ साली तिच्याच आवारात आज आपण ज्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो ते उघडलं. त्या काळात जॉर्ज बर्डवूड आणि भाऊ दाजी यांनी दोन्हींकडे लक्ष घातलं होतं. झाडं आणि माणसाच्या हातच्या वस्तू शेजारी शेजारी हव्यात, हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी सुचलं होतं. त्या संग्रहालयाच्या अंगणात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १९६५ साली फोर्टातून हलवलेला काळ्या घोड्याचा पुतळाही तुमच्याकडे आहे. घोडा आलाच आहे, तर घोडीही येऊ द्या.

कोणती झाडं, ते सांगतो. यादी बनवायला मी काही वनस्पतिशास्त्रज्ञ नाही, पण लाकूड ओळखतो. तून, तंबोरा-सतारीच्या दांडीला आणि तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या फळीला. शिसम आणि खैर, तबल्या-पखवाजाच्या खोडाला. फणस, दक्षिणेतल्या मृदंगाला आणि वीणेला. फणसाची वीणा उचलून बघा, वजनावरूनच कळतं. बांबू सांगायला नको. नारळाची करवंटी, रावणहत्थ्यासारख्या वाद्यांना. ताड. यातली जी तुमच्या नोंदवहीत आहेत त्यांच्या पाट्यांवर एकच ओळ वाढवा : ‘याचा पखवाज होतो.’ ‘याची दांडी होते.’ खर्च रंगाच्या डब्याचा. शाळेच्या सहलीतला एखादा मुलगा तरी मान वर करून बघेल.

भोपळ्याचं जरा जास्त सांगायला हवं, कारण लोकांना तो खायचा भोपळा वाटतो. तंबोऱ्याचा भोपळा कडू असतो, जाड सालीचा, आणि तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमेकाठच्या शेतांतून. वेलीवर असतानाच त्याची बैठक नीट राहील हे शेतकरी बघतो, कारण एका बाजूला कलला तर तंबोरा जन्मभर कललेला. मग तो महिनोन्महिने वाळवायचा. आत बिया खुळखुळायला लागल्या की समजायचं. कापल्यावर पाण्यात भिजवून आतला गर खरवडायचा, मऊ असतानाच त्याला आकार द्यायचा. हे काम मिरजेत होतं, तिथली घराणी पूर्वी शिकलगार होती, म्हणजे हत्यारं करणारी. तलवारींचं काम संपलं आणि हात सतारीकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ही चांगली गोष्ट. पण मुंबईच्या एखाद्या गायन क्लासातल्या मुलीला विचारा, तुझ्या मांडीवर जे आहे ते कुठे उगवलं? ती मोबाइल पुढे करेल. आता तंबोरा ॲपमध्ये असतो.

तुमच्या बागेत एक मांडव घाला आणि त्यावर तंबोऱ्याचे वेल चढवा. मला ठाऊक आहे, मुंबईच्या पावसात भोपळा कुजेल. म्हणून पावसाळा उलटल्यावर लावा. त्याचा तंबोरा नाही होणार, भीमेकाठचं ऊन आपल्याकडे नाही. न होवो. मुलांच्या डोक्यावर तो लटकलेला दिसला तरी पुरे. मांडवाखाली एक पुरा तंबोरा आणि एक अर्धवट, कापलेल्या भोपळ्याचा, ठेवा. तो अर्धवट मी देतो, दुकानात तीन पडून आहेत.

तारपा विसरू नका. तो तर मुंबईच्या अंगणातलाच. वारल्यांचा तारपा म्हणजे भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाचं पान. खिळा नाही, स्क्रू नाही. विरारपुढे गाडी गेली की तो वाजतो, आणि दादरच्या मुलाने तो फक्त भिंतीवरच्या पांढऱ्या चित्रात बघितलेला असतो, मधे एक जण वाकून फुंकतोय आणि भोवती नाचणाऱ्यांचा फेर. बाजूला तुणतुणं, संबळ आणि वारकऱ्यांची वीणा. सप्ताहात ती वीणा खाली ठेवत नाहीत, पहारा बदलतो तशी ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. म्हणून वीणा खुंटीला टांगून ठेवली तर मला तरी बरं वाटणार नाही. तिची पाटी लिहायला एखाद्या वीणेकऱ्याला बोलवा, मला नको.

पेटीलाही जागा द्या. ती परदेशातून आलेली, पॅरिसमध्ये १८४२ साली पेटंट झालेली, आणि आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं होतं. पण आपल्या नाटकांतून, भजनांतून तिला कोणी काढू शकलं नाही. तिचं झाड कुठलं म्हणून विचाराल तर सागाच्या झाडाखाली ठेवा. सुराच्या पितळी पट्ट्यांचं झाड नसतं.

आता अडचणी. तुम्ही म्हणाल त्याआधी मीच सांगतो, नाहीतर तुमच्या फायलीवर पहिला शेरा तोच पडेल. मुंबईची हवा वाद्यांची वैरी आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तबला उतरतो, सरस सुटतो, पेटीच्या भात्याला बुरशी येते, झुरळं आत घर करतात. भोपळ्याला भुंगा लागतो. दुकानात मी पावसाळाभर एक चाळीसचा बल्ब कपाटात पेटता ठेवायचो. तसले बल्ब मिळायचे बंद झाले तेव्हा फार पंचाईत झाली. तेव्हा उघड्यावर मांडायचं ते साधं, रोजचं, गेलं तर नवं आणता येईल असं. जुनं आणि मोलाचं ते बंद खोलीत, कोरड्या हवेत. खोलीचा खर्च मोठा, हे खरं. पण तुमच्याकडे हम्बोल्ट पेंग्विन आहेत. मुंबईत त्यांना थंडी देता येते, तर तंबोऱ्याला थोडी कोरडी हवा देणं काही चंद्रावर जाण्याइतकं अवघड नाही. पेंग्विनना मी नावं ठेवत नाही, नातू त्यांच्यासाठीच येतो आणि त्याच्यामागे मीही.

दुसरी अडचण, लोक वाद्यं आणून देतील. मुंबईत प्रत्येक दुसऱ्या माळ्यावर एक पेटी आहे. आजोबांची, काकांची, कुणाची ते माहीत नसलेली. जागा हवी म्हणून ती तुमच्या दारात येईल. सगळ्या घेऊ नका. अर्ध्यांमध्ये उंदरांनी पिल्लं घातलेली असतात. जो म्हणेल ‘मी महिन्यातून एकदा येऊन वाजवेन’ त्याचीच घ्या. हे मुंबईकरांनाही सांगणं आहे : भेट देऊन मोकळे होऊ नका. कलकत्त्याच्या राजा सौरींद्रमोहन टागोरांनी बेल्जियमच्या राजाला शंभरेक भारतीय वाद्यं भेट दिली आणि १८७७ साली ब्रुसेल्सला जे वाद्यसंग्रहालय झालं ते त्यांतूनही उभं राहिलं. भेट मोठी. पण वाद्याबरोबर वाजवणारा गेला नाही, की पुढचा माणूस फक्त आकार बघतो.

तिसरी अडचण मला सगळ्यात जास्त भिवविते. प्रस्ताव मंजूर झाला तर कोणीतरी फाटकापाशी फायबरचा वीस फुटी तंबोरा उभा करेल, रात्री त्याला रंगीत दिवे लागतील आणि लोक त्याच्यासमोर फोटो काढून पेंग्विन बघायला जातील. कृपा करून तो उभारू नका. त्या तंबोऱ्याचीही घोडी उलटीच असणार, मी पैज लावतो.

मोठी इमारत मागत नाही. रिंगवेलाही वाडा होता म्हणून तिथे संग्रहालय झालं, आणि २०१५ साली त्याला आग लागली तर त्यांनी तो पुन्हा नीट करून उघडला. आपल्याला आधी एक झाड आणि एक सतरंजी पुरे. आठवड्यातून एक सकाळ, गर्दी कमी असते तेव्हा. वाजवायला संगीत शिकणारी मुलं मिळतात. त्यांना श्रोते हवेच असतात, फक्त प्रवासखर्च द्या आणि चहा द्या. वीस मिनिटं वाजवायचं, दहा मिनिटं प्रश्न. माइक नको. माइक आला की समोरचा माणूस मागे सरकतो, आणि वाद्य जवळूनच ऐकायचं असतं, श्वासाच्या अंतरावर. कावळे ओरडतील, पलीकडून हत्ती-माकडांची चौकशी करणारी पोरं धावत येतील. येऊ देत. त्रॉन्हाइमलाही खिडकीबाहेर समुद्रपक्षी किंचाळत होते.

मी स्वतः येईन. माझं दुकान सोमवारी बंद असतं, तुमची बाग बुधवारी, म्हणजे सोमवार जुळतो. गिरगावातून टॅक्सीने तंबोरा आणायचा, गवसणीत घालून, डोकं खिडकीबाहेर काढून, टॅक्सीवाला नेहमी विचारतो, “बॉडी आहे का?” झाडाखाली बसून मी एक घोडी कानशीने घासेन, मुलांना सूत सरकवायला देईन. दहातल्या एकाला तरी तार उमलते ती जागा सापडतेच, आणि तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. मानधन नको. फक्त फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला आधी सांगून ठेवा, नाहीतर कानस आत नेऊ देणार नाही.

बसायला बाक देऊ नका. बाकावर तंबोरा मांडीवर नीट बसत नाही.

आपला नम्र,
गिरगावातला एक तंबोरेवाला

ता. क. : परवा नातवाला कोय धुऊन कुंडीत पुरायला लावली आहे. रोज सकाळी माती उकरून बघतो, कोंब आला का. असं केलं तर कधीच येणार नाही, हे त्याला सांगून झालं.